रानटर्कीवर बाण: नेम कुठे धरायचा

पूर्ण वाढलेला नर टर्की सात ते दहा किलोचा. पिसारा फुलवून उभा राहिला की घमेल्याएवढा दिसतो, आणि तिथेच नवखा फसतो. त्या सगळ्या पिसांआड हृदय-फुप्फुसांची जागा जेमतेम मोसंब्याएवढी, तीही पाठीच्या बाजूला. छातीच्या जाड मांसात बाण लागला तर पक्षी उडून जातो आणि दोन दिवसांनी कुठेतरी झुडपात मरतो. असं होऊ द्यायचं नसेल तर आधी शरीररचना पाठ करा, धनुष्य नंतर.

भारतात 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अशा शिकारीला बंदी आहे. खालचं सगळं अमेरिकेतल्या वसंतातल्या हंगामापुरतं. परवाना, टॅग (मारलेल्या पक्ष्याला लावायची चिठ्ठी) आणि प्रशिक्षणाचे नियम राज्यागणिक वेगळे. बहुतेक राज्यांत वसंतात फक्त दाढीवाला पक्षी मारता येतो (दाढी म्हणजे छातीवरून लोंबणारा केसांसारखा काळा झुपका), आणि दाणे टाकून बोलावणं बहुतेक ठिकाणी गुन्हा आहे.

पक्षी आडवा उभा असेल तर पंख अंगाला जिथे जोडलेला असतो ती जागा धरा. पिसारा फुलवलेला असेल तर पिसांवर विसंबू नका, पायावरून नजर सरळ वर न्या आणि पंखाच्या मुळाशी थांबवा. पाठमोरा असेल आणि पिसारा उभा असेल तर शेपटीच्या मुळाशी, अगदी मधोमध. समोरून असेल तर दाढी छातीला जिथे फुटते त्याच्या किंचित वर. पण हा नेम अवघड आहे, वळायची वाट पाहिलेली बरी. चुकायचंच असेल तर मागे, मांडीच्या बाजूला चुकलेलं चालेल. टर्की पायांनी उसळी मारून उडते. मांड्या मोडल्या की तिला पळताही येत नाही आणि नीट उडताही येत नाही. पंख मोडला तर मात्र ती घोड्यासारखी पळत सुटते.

कंपाउंड (टोकांना चाकं असलेल्या आधुनिक) धनुष्याचा ताण 45 पौंड असला तरी भागतं, कारण हाडं हलकी असतात. मुद्दाम थोडा कमी ताण ठेवा, म्हणजे ओढून मिनिटभर स्थिर धरता येईल. बाणाचं पातं लागल्यावर उघडणारं, दोन इंच रुंद कापणारं घ्या. लपणाच्या (शिकारी ज्यात लपून बसतो त्या तंबूच्या) खिडकीला जाळी असेल तर असं पातं जाळीतच उघडतं आणि बाण भरकटतो. जाळी काढा, नाहीतर न उघडणारं पातं वापरा.

टर्कीला वास फारसा येत नाही, पण नजर विलक्षण तीक्ष्ण आणि रंग ओळखणारी. म्हणून तंबूसारखं लपण हवंच. आत बसताना काळे कपडे, तोंडावर काळा मुखवटा, मागच्या खिडक्या बंद. लाल, पांढरा, निळा रंग अंगावर कुठेही नको: नराच्या डोक्याचे हेच रंग असतात आणि दुसरा शिकारी तुमच्यावर नेम धरू शकतो. त्याच कारणासाठी डिकॉय (आमिष म्हणून ठेवायचा नकली पक्षी) नेता-आणताना पिशवीत झाकून न्या.

डिकॉय सात-आठ यार्डांवर ठेवा. तरुण नराचा डिकॉय लपणाकडे तोंड करून. खरा नर त्याच्या तोंडासमोर येऊन उभा राहतो, म्हणजे तुमच्याकडे पाठ करतो. त्याचा पिसारा त्याच्याच डोळ्यांआड येतो. धनुष्य ओढायचं ते त्याच क्षणी.

एवढ्या जवळून एक चूक हमखास होते. बाण डोळ्याच्या रेषेखालून सुटतो, त्यामुळे पाच यार्डांवर 20 यार्डांची पिन (धनुष्यावरची नेम धरायची खूण) लावली तर तो दोन-तीन इंच खाली लागतो. मोसंब्याएवढी जागा चुकायला तेवढं पुरतं. खिडकीचंही तेच: नजरेला वाट मोकळी दिसते आणि बाण खालच्या कडेला घासतो. म्हणून त्याच खुर्चीवर, त्याच लपणात बसून 5, 8, 12 आणि 20 यार्डांवर सराव करा. 20च्या पुढे मारू नका.

बाण लागल्यावर पक्षी गेला ती दिशा एखाद्या झाडाच्या खुणेनं लक्षात ठेवा. पिसं रक्त शोषून घेतात, जमिनीवर माग जवळजवळ सापडत नाही. जखमी पक्षी नजरेसमोर असेल तर दुसरा बाण तयार ठेवा, धावत सुटू नका. उचलताना पातं पिसांत अडकलेलं असू शकतं, आधी ते शोधा.

ऊन चढायच्या आत आतडी काढून मांस थंड करा. छातीचं मांस आडव्या धाग्यावर पातळ कापलं तर तव्यावर चटकन होतं. तंगडीत मात्र सुतळीएवढ्या, हाडासारख्या कडक शिरा असतात. ती कुकरमध्ये पाऊण तास शिजवून शिरा ओढून काढा आणि मग रश्श्यात घाला.