नेब्रास्काची ढेपळं, नाशिकच्या कच्च्या विटा

अमेरिकेतल्या नेब्रास्का-कॅन्ससच्या माळावर झाडं फार कमी. घर बांधायला लांबून लाकूड आणणं परवडत नव्हतं. म्हणून १८६२च्या होमस्टेड कायद्यानंतर (वस्ती करून कसणाऱ्याला सरकारी जमीन देणारा कायदा) तिथे गेलेल्या अनेक शेतकऱ्यांनी गवताच्या मुळांनी घट्ट विणलेली जमीनच नांगराने पट्टे पाडून कापली आणि तिची ढेपळं गवताची बाजू खाली ठेवून रचली. दोन-तीन फूट जाड भिंत. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात ऊबदार.

नाशिकच्या काळ्या रानात हे करू नका. ही माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते आणि तिला धरून ठेवणारी तशी दाट मुळं नसतात. इथे कच्च्या विटाच पाडाव्यात.

आधी माती तपासा. काचेच्या बरणीत एक भाग माती, दोन भाग पाणी घालून खूप हलवा, दिवसभर ठेवा. वाळू तळाला बसते, चिकणमाती सगळ्यांत वर. वरचा थर तिसऱ्या हिश्श्याहून जाड दिसला तर चाळलेला मुरूम किंवा वाळू मिसळा. बोटभर कापलेला भाताचा पेंढा टाकून दोन दिवस भिजवा, मग पायांनी तुडवा.

विटा सावलीत वाळवा. कडक उन्हात वरचं कवच आधी आकसतं, आतला गाभा ओला राहतो आणि वीट तडकते.

जोतं दगडाचंच, दीड फूट उंच. त्र्यंबक-इगतपुरीकडे पाऊस जोराचा, तिथे वळचण दोन फूट तरी पुढे काढा. सिमेंटचा गिलावा चुकूनही देऊ नका, ओल आत कोंडते. दर पावसाळ्याआधी शेणमातीने लिंपा.