चाळणीतून वाचायचं कोरोफियमचं वर्ष

मी मूळची वसईची, आता कॅनडात नोव्हा स्कोशियाला मिनास खाडीच्या काठी राहते. खाडीचा चिखल मला नवा नाही. पण मुंबईकडे मोठ्या उधाणालाही पाणी पाचेक मीटर चढतं, इथे बारा मीटरच्या वर. म्हणून इथल्या चिखलातलं कोरोफियम बघायला निघायचं तर पहिलं काम म्हणजे भरती-ओहोटीचं कोष्टक बघणं. पाणी उतरत असताना चिखलात शिरायचं, ओहोटी संपायच्या आत परत फिरायचं. एकट्याने जायचं नाही, आणि पाय घोट्याच्या वर रुतायला लागला की तिथून मागे वळायचं.

कोरोफियम हा जेमतेम तांदळाच्या लांब दाण्याएवढा, खेकडा-कोळंबीच्या जातकुळीतला कवचधारी जीव. त्याचं बीळ यू आकाराचं असतं, त्यामुळे चिखलावर बारीक भोकांच्या जोड्या शोधा. उपसण्याआधी पाच मिनिटं नुसतं बघा. पाणी ओसरताना ओल्या चिखलावरून सरपटत जाणारे बहुतेक नर असतात. ते माद्यांची बिळं हुडकत हिंडतात, कारण मादीने कात टाकल्यावर थोडाच वेळ मीलन होऊ शकतं.

मग पीव्हीसी पाइपचा तुकडा दहा सेंटिमीटर खोल दाबून चिखल काढा आणि खाडीच्याच पाण्याने चाळा. चाळणी पाव मिलिमीटर जाळीची हवी. स्वयंपाकघरातली घेतलीत तर पिल्लं सगळी वाहून जातील आणि मग पिल्लं दिसलीच नाहीत म्हणाल.

पांढऱ्या ताटलीत थोडं पाणी घालून भिंगातून बघा. शृंगिकांची, म्हणजे डोक्यावरच्या मिशांची, दुसरी जोडी लांब आणि जाड दिसली तर तो मोठा नर. मादी उताणी झाली की पायांच्या मुळाशी पिशवी दिसते. आत अंडी आहेत की डोळ्यांचे ठिपके आलेले गर्भ, ते लिहून ठेवा. खेकड्यासारखी पाण्यात तरंगणारी अळी इथे शोधू नका. पिशवीतून बाहेर पडतं ते आईबापासारखंच दिसणारं इवलंसं पिल्लू. काही दिवस आईच्या बिळात राहतं, मग स्वतःचं खणतं.

माझ्या मते सगळ्यात मोलाचं काम म्हणजे लांबी मोजणं. ताटलीखाली आलेखाचा कागद ठेवा, मोजून झालं की सगळ्यांना चिखलात परत सोडा. मे ते ऑक्टोबर दर पंधरवड्याला हे केलंत की पिढ्या आपोआप उलगडतात. मेमध्ये दिसणारे मोठे जीव म्हणजे हिवाळा काढलेली पिढी. जूनच्या सुमारास त्यांची पिल्लं दिसू लागतात, ती उन्हाळ्यातच वयात येऊन दुसरी पिढी घालतात आणि ती दुसरी पिढी पुढचा हिवाळा काढते. जानेवारी-फेब्रुवारीत बर्फ असतो, तेव्हा घरी बसा.

ऑगस्टमध्ये मोठे जीव एकदम कमी झालेले दिसले तर ते म्हातारे होऊन मेले असं लगेच लिहू नका. त्याच सुमाराला आर्क्टिककडून दक्षिण अमेरिकेला निघालेले सेमीपाल्मेटेड सँडपायपर हे छोटे किनारपक्षी इथे लाखोंनी उतरतात आणि वजन जवळजवळ दुप्पट होईपर्यंत खातात. उघड्यावर सरपटणारे नर त्यांना आयतेच सापडतात. म्हणून त्या महिन्यात नर-माद्यांची संख्या वेगवेगळी मांडा, आणि भरतीला पक्षी किनाऱ्यावर विसावलेले असतात तेव्हा तिकडे फिरकू नका.