गावाकडच्या गायकाचा पहिला स्टुडिओ अल्बम: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मंडळींसाठी

स्टुडिओचं भाडं शिफ्टवर असतं आणि शिफ्ट साधारण ८ तासांची. पट्टी (गाण्याचा सा) कुठली, लय किती, कडवी किती हे तिथं जाऊन ठरवायला बसलात तर पहिली शिफ्ट त्यातच संपते. ही तिन्ही कामं गावातल्या तालमीत उरकून घ्यायची.

आधी आकार. ऑनलाइन दुकानांत ७ किंवा जास्त गाणी असली, किंवा एकूण वेळ ३० मिनिटांच्या वर गेला, की सहसा अल्बम धरतात; त्याहून कमी भरलं तर ईपी (छोटा अल्बम) किंवा सिंगल. पाच-पाच मिनिटांची ८ गाणी हा सोयीचा हिशेब. यात्रेत वीस मिनिटं रंगणारं भारूड अल्बमला पाच मिनिटांतच बसवा. कडवी कुठली गाळायची ते गाणाऱ्यानंच ठरवावं, रेकॉर्डिस्टवर सोडू नये.

गाणी निवडताना एक घोळ हमखास होतो. तुकोबांच्या अभंगाचे शब्द सगळ्यांचे, पण कॅसेटवर ऐकून पाठ झालेली चाल कुणातरी संगीतकाराची असू शकते. तिचा हक्क त्याच्या निधनानंतरही ६० वर्षं राहतो. असं गाणं चढवलं की यूट्यूबवर दावा येतो आणि कमाई तिकडं वळते. म्हणून अभंग घ्या, चाल मंडळाची परंपरेतली किंवा स्वतःची बांधा. गोंधळ, जात्यावरच्या ओव्या, धनगरी ओव्या, यल्लम्माची चौंडक्यावरची गाणी यांत पारंपरिक मजकूर भरपूर आहे, तरी कुणाच्या रेकॉर्डमधली वाढीव कडवी उचलू नका. गावातल्या कवीनं लिहून दिलं असेल तर नाव कसं लागणार आणि वाटा किती, हे एका कागदावर सहीनिशी घ्या. ओळखीतलंच काम असेल तर जास्तच.

आता पट्टी. मंडपात काळी चार-काळी पाचसारख्या उंच पट्टीत गाण्याची सवय असते, कारण भोंग्याच्या वर आवाज काढायचा असतो. स्टुडिओच्या माइकला ती ओढ नको असते. उलट ताणलेला गळा त्यात उघडा पडतो. प्रत्येक गाणं नेहमीच्या पट्टीत आणि एक सूर खाली, असं दोन्हीत मोबाइलवर रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐका. खालच्या पट्टीत मुखड्याचा पहिला सूर पुटपुटल्यासारखा लागला तर अर्धा सूरच उतरा.

पट्टी बदलली की पखवाजाचा प्रश्न येतो. वाद्य ठरावीक सुरांतच चांगलं बोलतं; जास्त उतरवलं तर शाई घुमत नाही, जास्त चढवलं तर पुडी फाटते. म्हणून पट्ट्या ठरल्यावर वादकाला आठ दिवस आधी सांगा, लागलं तर दुसरा पखवाज आणायला. एसीच्या खोलीत चामडं सुकून सूर चढतो, पावसाळ्यात सादळून उतरतो. दर टेकआधी सूर तपासा. डाव्या बाजूची कणीक तासाभरात सुकते, जवळ ओलं फडकं ठेवा. हलगीला शेक लागतो आणि स्टुडिओत जाळ करता येत नाही. बाहेर तापवून लगेच छोटे टेक घ्या. खानापूर भागात मृगापासून पुढं तीन महिने या कामाला हात न घातलेलाच बरा, पत्र्यावरचा पाऊस माइकात येतो तो वेगळाच.

पेटीचं उलट आहे. तिचे सूर तिथल्या तिथं लावता येत नाहीत, म्हणून बाकी सगळं तिच्याशी जुळवायचं. मोबाइलच्या ट्यूनर ॲपवर सा आणि पंचम धरून बघा. काटा १० सेंटपर्यंत (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) वर असेल तर रेकॉर्डिस्टला सांगून तानपुरा आणि कीबोर्ड तेवढेच वर घ्या. एका अल्बमला दोन पेट्या वापरू नका.

लयीवर सगळ्यात जास्त वाद होतात. लावणीच्या ठेक्याला किंवा कीबोर्डवर बांधलेल्या गाण्याला क्लिक (हेडफोनमध्ये एकसारखी वाजणारी टिकटिक) लावा, सोपं जातं. भजनाला मात्र क्लिक जाचते. ते मिनिटाला ७० ठोक्यांच्या आसपास सुरू होऊन शेवटी दुपटीला जातं. क्लिक तिथंच राहते, पखवाज पुढं पळतो, मग रेकॉर्डिस्ट ठेका कापून चिकटवतो आणि गाण्याची जान जाते. पखवाज आणि गायक एकाच वेळी, पण वेगळ्या खोल्यांत घ्या. हा आवाज डमीच, म्हणजे फक्त वादकाच्या आधारापुरता. ठेका पक्का झाला की त्यावर पेटी, बासरी, मग खरा गळा. टाळ सगळ्यांत शेवटी, एक-दोन जोड्याच, माइक तीन-चार फुटांवर. बारा टाळकरी आणलेत तर गाण्यातले ‘स’ आणि ‘श’ ऐकूच येणार नाहीत.

गळ्याच्या शिफ्टला दिवसाला दोनच गाणी धरा. माइक एक वीत लांब, मध्ये पॉप फिल्टर (तोंडाची हवा अडवणारी जाळी). उंच सुरावर मान थोडी मागं. बांगड्या, कडं, किल्ल्या काढून ठेवा, मांडीवर ताल धरायची सवय असेल तर हाताला उशी द्या. हेडफोनचा एक कान मोकळा ठेवला की त्यातलं संगीत माइकात गळतं. पूर्ण गाण्याचे तीन टेक घ्या, तुकडे नंतर जोडता येतात. कोरसला चौघं पुरतात, दोनदा घेतले की आठ वाटतात. ओळ एकत्र उचलतात पण सोडताना मागंपुढं होतात, म्हणून एकानं हातानं खूण द्यायची.

रोज निघताना कच्च्या वेव्ह फाइली घ्या. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला एक मोनो ट्रॅक मिनिटाला साडेआठ एमबीच्या वर जातो. वीस ट्रॅकचं पाच मिनिटांचं गाणं ८६० एमबीच्या आसपास. जादा टेक धरून ६४ जीबी बाळगा. वळवात लाइट जाते, तेव्हा स्टुडिओला यूपीएस आहे का हे बुकिंगआधीच विचारा.

मिक्स झालं की मोनोत (डावी-उजवी बाजू एकत्र करून) ऐका, कारण मंडपातले भोंगे मोनोच असतात. कोरस गायब झाला तर मिक्स परत करायला लावा. आवाज उगाच मोठा करून घेऊ नका, पखवाजाची धूम सपाट होते.

ऑनलाइन चढवताना अल्बमचं चित्र ३००० बाय ३००० पिक्सेल, गायकाचं नाव सगळीकडं एकाच स्पेलिंगनं. चिकोडी, सौंदत्तीकडं मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांचे ऐकणारे आहेत, तेव्हा पोस्टरवर नाव कन्नडमध्येही छापा. प्रत्येक गाण्याचा १२ अक्षरी आयएसआरसी कोड (रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक) लिहून ठेवा, वितरक (गाणी ऑनलाइन दुकानांत पोचवणारी कंपनी) बदलला तरी तोच द्यायचा. प्रकाशनाच्या तारखेच्या तीन-चार आठवडे आधी वितरकाला फाइली द्या. स्पॉटिफायच्या प्लेलिस्टसाठी अर्ज किमान ७ दिवस आधी लागतो. तिथं गाणं वर्षात १००० वेळा वाजल्याशिवाय पैसे सुरू होत नाहीत, त्यामुळं पहिली कमाई कार्यक्रमांतूनच येणार. धनगरी गाणी असतील तर चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेआधी काढा. मंडपवाल्यांना लिंक चालत नाही, पेनड्राइव्ह द्या: एमपी३, ३२० केबीपीएस, आणि फाइलला ‘ट्रॅक ०१’ नव्हे, गाण्याचं नाव.