जुन्या ओकच्या फ्लोअरवर कुत्र्यामांजरांच्या शूचे डाग? सँडर भाड्याने आणायच्या आधी या चुका टाळा

न्यू जर्सीत १९५० च्या आसपासचं घर घेतलं की कार्पेटखाली बऱ्याचदा रेड ओक निघतं, सव्वादोन इंची पट्ट्या, पाऊण इंच जाड, आणि ते बघून इतका आनंद होतो की माणूस लगेच सँडरचं, म्हणजे लाकूड घासायच्या मशीनचं, दुकान शोधायला लागतो. आमचंही तेच झालं. पण बेडरूममध्ये खिडकीखालचा कोपरा उचलला तर कार्पेटखालचा फोम लाकडाला चिकटून बसलेला, तो खरवडला आणि खाली ताटाएवढा काळा डाग, कडेने तपकिरी वर्तुळ, आणि खिळ्यांभोवती तर शाई सांडल्यासारखं. आधीच्या मालकांकडे म्हातारी कुत्री होती, ती तिथेच झोपायची म्हणे.

पहिली आणि सगळ्यात महाग चूक म्हणजे "घासलं की जाईल". मी ड्रम सँडर त्या एकाच जागी परत परत फिरवला, डाग जरा फिका झाला पण गेला नाही, आणि तिथे खळगा पडला जो आता पाय ठेवला की कळतो. शू वरच्या पॉलिशवर थांबत नाही हो, सांध्यांतून आणि लाकडाच्या रेषांतून आत उतरते. ती सुकताना बॅक्टेरिया युरियाचा अमोनिया करतात, आणि ओकमध्ये टॅनिन, म्हणजे लाकडातलं तुरट द्रव्य, भरपूर असतं, ते अमोनियाने काळं पडतं. वर खिळ्यांचं लोखंड. आपल्याकडे केसांसाठी आवळा लोखंडी कढईत उकळला की कसा काळाकुट्ट होतो, अगदी तीच गोष्ट लाकडात झालेली असते. आणि पट्टी पाऊण इंच असली तरी घासण्यासारखं लाकूड पाऊण इंच नसतं, दोन पट्ट्या जिथे एकमेकींत अडकतात त्याच्या वर जेमतेम पाव इंच, त्यातलं थोडं आधीच्या लोकांनी कधीतरी घासून संपवलेलं. सत्तर वर्षं टिकलेलं लाकूड एका डागापायी भुसा करून टाकू नका, एवढं कळकळीने सांगतोय.

आणि भुशावरून आठवलं, घर १९७८ च्या आधीचं असेल तर जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे सँडिंगआधी टेस्ट करून घ्याच, घरात लहान मुलं असतील तर नक्कीच. भुशाची पिशवी रात्री घरात ठेवू नका, जुन्या पॉलिशचा भुसा आपोआप पेट घेऊ शकतो.

दुसरी चूक, रंगाच्या मागे लागून वास विसरणं. हिवाळ्यात घर कोरडं असतं तेव्हा काही जाणवत नाही, मग जुलैतला दमट दिवस आला की खोली परत दरवळते, कारण लाकडात उतरलेली शू नुसतं पुसून जात नाही, ती तिथेच राहते. म्हणून क्रम लक्षात ठेवा, आधी वास, मग रंग. रात्री सगळे दिवे बंद करून यूव्ही टॉर्च फिरवा, दिवसा न दिसणारे डागही चमकतात, त्यांच्याभोवती मास्किंग टेप लावून ठेवा. मग जाड सँडपेपरने फक्त वरचं पॉलिश काढा, नाहीतर औषध आत जाणारच नाही, आणि उघड्या लाकडावर एन्झाइम क्लीनर (शूचा वास मोडणारं द्रव) लावून प्लॅस्टिक झाकून काही तास ओलं राहू द्या. त्याआधी व्हिनेगर किंवा ब्लीच ओतलं असेल तर एन्झाइम नीट काम करत नाही. स्टीम क्लीनर तर आणूच नका, उष्णतेने डाग पक्का होतो आणि लाकूड फुगतं ते वेगळंच.

तिसरी चूक धोक्याची आहे. कपड्यांचं क्लोरीन ब्लीच शूच्या डागावर ओतू नका, अमोनियाशी मिळून विषारी वायू होतो, आणि त्यात व्हिनेगर घातलं तर क्लोरीन. घरातल्या बायकांनी, आजीआजोबांनी सवयीने असं काही करू नये म्हणून त्यांनाही सांगून ठेवा.

रंगासाठी मी आधी मेडिकलमधलं ३ टक्केवालं हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतो, तपकिरी बाटलीतलं. पांढरं फडकं भिजवून डागावर, वर प्लॅस्टिक, रात्रभर. पहिल्या सकाळी काळ्याचा चहासारखा रंग झाला होता, दुसऱ्या रात्रीनंतर अजून उजळला. पण खिळ्यांभोवतीचा निळसर काळा तसाच, तो लोखंडाचा, त्याला ऑक्झॅलिक ॲसिड लागतं. गरम पाण्यात प्लॅस्टिकच्या भांड्यात विरघळवायचं, लोखंडी भांडं आणि स्टील वूल (घासायची लोखंडी तारांची गुंडी) अजिबात नको, हातात ग्लोव्हज, डोळ्यांवर चष्मा. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने आणि मग साध्या पाण्याने दोनतीनदा पुसायचं, कारण सुकलेलं ॲसिड घासताना नाकात गेलं तर फार त्रास होतो. आणि इथे लोक एक बारीक चूक करतात, औषध फक्त गोल डागावर लावतात, मग काळ्याच्या जागी पांढरं गोल दिसतं. डाग असलेली पट्टी टोकापासून टोकापर्यंत पूर्ण करा, शेजारच्या पट्टीला टेप लावा, रंगाचा फरक सांध्यावर संपला की डोळ्याला खटकत नाही.

घाईने पॉलिश मारू नका. दोनतीन दिवस सुकू द्या, बारीक घासा. थोडा वास उरलाच असेल तर आधी शेलॅकचा, म्हणजे लाखेच्या पॉलिशचा, हात मारा, पण डीवॅक्स्ड, म्हणजे मेण काढलेलं, शेलॅक हवं, साध्या शेलॅकमध्ये मेण असतं आणि त्यावर पॉलियुरेथेन (शेवटी मारायचं वरचं पॉलिश) धरत नाही. "गडद स्टेन (लाकडाचा रंग) मारला की डाग लपेल" असंही खूप जण सांगतात, पण काळ्या लाकडावर गडद स्टेन अजून काळा दिसतो, आधी कोपऱ्यात मारून बघा.

एवढं करूनही पट्टी स्क्रूड्रायव्हरने टोचल्यावर मऊ लागली, किंवा वास सांध्यातून येतच राहिला, तर ती पट्टी बदला, औषधांवर आठवडे घालवू नका. आम्ही सहा पट्ट्या काढल्या, खाली सबफ्लोअरवर, म्हणजे पट्ट्यांखालच्या लाकडी थरावर, पण काळं होतं, ते पुसून, सुकवून त्यावर शेलॅक मारलं. नव्या पट्ट्या दुकानातून आणायच्या आधी तुमच्याच घराच्या क्लोजेटमध्ये बघा, तिथलं ओक त्याच वयाचं आणि त्याच रंगाचं असतं, सांधेही जुळतात. आम्ही क्लोजेटमधल्या पट्ट्या बेडरूममध्ये बसवल्या आणि नवीन ओक क्लोजेटमध्ये. आता संध्याकाळचं ऊन खिडकीतून आडवं पडतं तेव्हा तो खळगा दिसतो, पट्ट्या मात्र कुठल्या बदलल्या ते मलाही शोधावं लागतं.