नोकरी, घर आणि शेती सांभाळताना वेळेच्या नियोजनाची पद्धत कशी निवडावी

वेळेच्या नियोजनाच्या ज्या पद्धती मोबाइलवरील ॲपमधून आणि कार्यालयीन प्रशिक्षणांतून आपल्यापर्यंत येतात, त्यांतील बहुतेकींनी एक गोष्ट गृहीत धरलेली असते: दिवसाचे आठ-दहा तास माणसाच्या स्वतःच्या ताब्यात आहेत आणि त्याने ते फक्त नीट वाटायचे आहेत. खान्देशात मात्र भुसावळहून जळगावला रोज अप-डाउन करणारा, यावल तालुक्यातील केळीची बाग सालदारावर, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्यावर, सोपवलेला आणि घरी म्हाताऱ्या आई-वडिलांचे औषधपाणी पाहणारा माणूस मुळीच दुर्मीळ नाही. त्याच्या एकाच दिवसावर कार्यालय, गाडीची वेळ, शेतातील वीज आणि घर अशा चौघांचा हक्क असतो. अशा माणसाने सर्वांत चांगली पद्धत कोणती, असे विचारण्यापूर्वी आपल्याकडे काम कसे येते आणि त्याची वेळ कोण ठरवतो, हे पाहावे. पद्धतीची निवड त्याच उत्तरावर अवलंबून असते.

आधी एक आठवडा फक्त नोंद

पहिल्या आठवड्यात कोणतीही सुधारणा करू नये. खिशात मावेल अशी वही घ्यावी आणि दर दोन-तीन तासांनी, मधल्या वेळात काय केले, हे एका ओळीत लिहावे. प्रत्येक ओळीपुढे एक खूण करावी: काम घड्याळाने ठरवले असेल तर ‘घ’, समोर आलेल्या किंवा फोन केलेल्या माणसाने ठरवले असेल तर ‘म’, पाऊस, वीज, पाणी किंवा पीक यांनी ठरवले असेल तर ‘ह’ म्हणजे हवामान-हंगाम, आणि आपण स्वतः ठरवून केले असेल तर ‘स्व’. आठवणीवर विसंबून हे कोष्टक भरू नये. एखाद्या कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज माणसे सातत्याने कमी करतात आणि आधीचा अनुभव उलटा असतानाही तसाच करतात, हे डॅनियल कानेमन आणि एमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच मांडले आहे. आपला अंदाज याला अपवाद असेल, असे मानण्याचे काही कारण नाही.

या नोंदीतून काय हाती लागते, याचे एक उदाहरण पाहू. समजा, वर सांगितलेल्या नोकरदाराची अशी ठाम समजूत आहे की शेती आपला फक्त रविवार घेते. वहीत मात्र असे दिसते की सोमवार ते शुक्रवार रोज अकराच्या सुमारास सालदाराचा फोन येतो: मोटार चालू होत नाही, ठिबकची नळी फुटली, खताच्या गोण्या संपल्या, घड कापायला व्यापाऱ्याची माणसे उद्या येतो म्हणतात. बोलणे पाच मिनिटांचे असते, परंतु त्यानंतर दुकानदाराला एक आणि व्यापाऱ्याला एक असे आणखी दोन फोन होतात आणि समोरचा हिशेब पुन्हा पहिल्या ओळीपासून तपासावा लागतो. या माणसाला कोणत्याही ॲपची गरज नाही. सकाळी साडेसातला आपणच सालदाराला फोन करायचा, दिवसभराचे सगळे त्याच वेळी ठरवायचे, संध्याकाळी सातला पुन्हा बोलायचे आणि मध्ये केवळ नुकसान होण्याजोगी गोष्ट असेल तरच त्याने फोन करायचा, एवढे ठरले तरी त्याची दुपार मोकळी होते. पद्धत निवडण्याआधीच निम्मा प्रश्न सुटण्याची अशी उदाहरणे नोंद ठेवणाऱ्यांना हमखास सापडतात, म्हणून हा आठवडा वगळू नये.

ज्यांच्या नोंदीत ‘घ’ अधिक आहे

शाळेतील तासिका, एमआयडीसीतील पाळ्या, रेल्वे किंवा आयुध निर्माणीतील नोकरी यांत दिवसाचा मोठा भाग आधीच बांधलेला असतो. येथे वेळेचे ठोकळे पाडण्याची पद्धत सोयीची पडते, म्हणजे आठवड्याच्या तक्त्यावर प्रथम बांधलेले तास, प्रवास आणि झोप भरायची आणि उरलेल्या जागेत प्रत्येक ठोकळ्याला एकच काम द्यायचे. दोन ठोकळ्यांच्या मध्ये किमान पंधरा मिनिटे रिकामी सोडावीत, कारण पॅसेंजर उशिरा धावली तर संपूर्ण तक्ता कोलमडू नये.

फिरती पाळी असणाऱ्यांनी मात्र ‘रात्री आठ वाजता व्यायाम’ असे लिहूच नये. पहिल्या पाळीत जे आठ वाजता जमते, ते दुसऱ्या पाळीत अशक्य असते आणि दर आठवड्याला मोडणारा नियम लवकरच कायमचा मोडतो. त्यांनी वेळ घड्याळाऐवजी पाळीला बांधावी: ‘पाळी सुटल्यावर दोन तासांनी’, ‘उठल्यावर पहिला अर्धा तास’. पहिली, दुसरी आणि रात्रपाळी असे तीन स्वतंत्र तक्ते एकदाच तयार करून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवले, तर दर आठवड्याला नव्याने विचार करावा लागत नाही.

ज्यांच्या नोंदीत ‘म’ अधिक आहे

दुकानदार, डॉक्टर, ग्रामसेवक, तलाठी, बँकेच्या खिडकीवरील कर्मचारी यांनी ठोकळे पाडण्याचा प्रयत्न करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. लग्नसराईत सराफाच्या दुकानात दागिने पाहायला आलेल्या कुटुंबाला, आता माझा हिशेबाचा तास आहे, असे सांगता येत नाही. अशांसाठी एक छोटी यादी आणि कामांची चाळणी हीच खरी साधने होत.

चाळणीचा सर्वांत परिचित प्रकार आयझेनहॉवर यांच्या नावाने ओळखला जातो. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष असताना १९५४ मध्ये केलेल्या एका भाषणात त्यांनी, एका माजी महाविद्यालय-प्रमुखांचा हवाला देत, तातडीचे आणि महत्त्वाचे असे प्रश्नांचे दोन प्रकार असतात आणि ते सहसा एकत्र येत नाहीत, असा विचार मांडला होता. चार चौकटींचा तक्ता त्यावरून पुढे इतरांनी तयार केला. तातडीचे व महत्त्वाचे ते लगेच करावे, महत्त्वाचे पण तातडीचे नाही त्याला दिवस द्यावा, तातडीचे पण महत्त्वाचे नाही ते दुसऱ्याकडे सोपवावे आणि दोन्ही नसेल ते सोडून द्यावे. तिसऱ्या चौकटीबाबत थोडे सावध असावे. कार्यालयात ‘दुसरा’ म्हणजे सहकारी किंवा हाताखालचा माणूस असतो, घरात मात्र तो ‘दुसरा’ बहुधा पत्नी किंवा सून असते आणि तिची यादी कोणी विचारलेलीच नसते. पुरुषाचे नियोजन सुधारले आणि घरातील बाईचा दिवस आणखी लांबला, तर ती पद्धत यशस्वी झाली असे म्हणता येणार नाही.

गिऱ्हाईक नसलेली मधली दहा-पंधरा मिनिटे वापरायची असतील, तर यादी कामाच्या महत्त्वाप्रमाणे लावण्याऐवजी कामाच्या जागेप्रमाणे लावावी. ‘फोनवर’, ‘दुकानात बसून’, ‘बाजारात गेल्यावर’, ‘तहसील कचेरीत’ अशी चार पाने केली की मोकळा क्षण मिळताच नेमके तेच पान उघडता येते आणि एका सातबाऱ्यासाठी तालुक्याला दोन खेपा होत नाहीत.

ज्यांच्या नोंदीत ‘स्व’ अधिक आहे

स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी, घरी शिवणकाम करणाऱ्या महिला, निवृत्त माणसे आणि घरून काम करणारे तरुण यांची अडचण वेगळी असते. त्यांच्याकडे वेळ असतो, पण त्याला कडा नसतात. काम पूर्ण करण्यासाठी जेवढा वेळ उपलब्ध असेल तेवढे ते पसरत जाते, असे सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ मध्ये सरकारी कारभाराची थट्टा करताना लिहिले होते, आणि ते अभ्यासिकेतल्या टेबलालाही तंतोतंत लागू पडते. अशांना पोमोडोरो पद्धत उपयोगी आहे. फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन विद्यार्थ्याने १९८० च्या दशकाच्या अखेरीस टोमॅटोच्या आकाराच्या स्वयंपाकघरातील टायमरवर ती बसवली: २५ मिनिटे एकच काम, पाच मिनिटे विश्रांती आणि अशा चार फेऱ्यांनंतर मोठी विश्रांती. पाठांतर, गणिते, पेपर तपासणे यांसाठी ती चांगली आहे. ज्या कामात मन लागायलाच वीस मिनिटे जातात, त्यासाठी फेरी पन्नास मिनिटांची करण्यास हरकत नाही. फेऱ्या कोणत्या वेळी लावायच्या, हेही ठरवावे. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तेव्हा दुपारी एक ते चार ही वेळ अवघड अभ्यासासाठी राखून ठेवणे म्हणजे स्वतःची फसवणूक होय. तेथे झोप किंवा हलके काम लिहावे आणि कठीण विषय सकाळी दहाच्या आत संपवावा.

ज्यांच्या नोंदीत ‘ह’ अधिक आहे

शेतीच्या कामाला तारीख देणे फसवे असते. पेरणीयोग्य पाऊस म्हणजे ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय पेरणीची घाई करू नये, असा सल्ला खरिपापूर्वी दिला जातो. म्हणजे येथे काम सुरू होण्याची अट आहे, दिवस नाही. म्हणून यादीतही ‘२० जूनला पेरणी’ असे न लिहिता ‘पुरेशी ओल झाली की पेरणी, बियाणे आणि खत मात्र ५ जूनच्या आत घरात’ असे लिहावे. अट आपल्या हातात नसली तरी तयारीची तारीख आपल्या हातात असते.

या प्रकारासाठी जपानमधील टोयोटा कारखान्यात विकसित झालेल्या कानबान पद्धतीचे घरगुती रूप वापरावे. भिंतीवर जुन्या दिनदर्शिकेच्या कोऱ्या बाजूवर चार रकाने आखावेत: करायचे, चालू, अडलेले, झाले. प्रत्येक काम एका चिठ्ठीवर लिहून पुढे सरकवत न्यावे. ‘चालू’मध्ये एका वेळी तीनपेक्षा जास्त चिठ्ठ्या ठेवू नयेत, हा या पद्धतीचा कणा आहे आणि लोक नेमका तोच नियम पहिल्याच आठवड्यात मोडतात. ‘अडलेले’ या रकान्यातील प्रत्येक चिठ्ठीवर कशामुळे अडले आहे ते लिहावे: वेचणीला मजूर नाहीत, वाफसा (मशागतीजोगी ओल) नाही, लाईट रात्रीची आहे. एकाच कारणाच्या तीन चिठ्ठ्या जमल्या की आधी त्या कारणाच्या मागे लागावे.

घरातील नळाचे पाणीही याच गटात मोडते. आपल्याकडील अनेक गावांत आणि शहरांत ते रोज येत नाही आणि ज्या दिवशी येते त्या दिवशीचे पहिले दोन तास त्याचेच असतात. तो दिवस तक्त्यावर लिहिलेला नसेल, तर बाकी तक्ता कितीही सुबक असो, तो खोटा आहे.

कार्यालय आणि घर यांची एकच दिनदर्शिका

बहुतेकांच्या नोंदीत चारही खुणा असतील. त्यांनी चार पद्धती एकदम सुरू करू नयेत. सर्वाधिक आलेल्या खुणेची पद्धत मुख्य ठेवावी आणि बाकीच्यांतून फक्त एखादी युक्ती उचलावी. याद्या निरनिराळ्या असल्या तरी चालतात, तारखा मात्र एकाच ठिकाणी असाव्यात. कार्यालयाची बैठक मोबाइलवर आणि मुलाची पालकसभा भिंतीवर, अशी फाळणी झाली की दोन्ही एकाच वेळी येतात. स्वयंपाकघरातील भिंतीवरची दिनदर्शिका हे घरातील सर्वांना दिसणारे एकमेव साधन आहे, म्हणून मूळ प्रत तिचीच मानावी आणि मोबाइलवर आठवणीचा गजर लावावा. व्हॉट्सॲपच्या गटात टाकलेले काम यादीत गेले असे समजू नये. शुभेच्छांच्या चित्रांखाली ते संध्याकाळपर्यंत दिसेनासे होते.

वर्षाच्या सुरुवातीला या दिनदर्शिकेवर आधी वर्षाचे सांधे लिहावेत. आपल्याकडे ते निदान तीन असतात: कार्यालयाचा ३१ मार्च, शाळेचा जून आणि शेतीची आखाजी. आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला सालदाराचे साल संपते, नवे बोलणे होते, लेकी माहेरी येतात आणि त्याच सुमारास लग्नांच्या तारखा दाटलेल्या असतात. मार्चअखेरची दमछाक संपताच तीन ते सहा आठवड्यांत आखाजी येते, हे दरवर्षी ठाऊक असूनही नोकरदार रजेचा अर्ज शेवटच्या आठवड्यात देतो. श्रावणातील कानबाई या देवीचा उत्सव, पोळा आणि दिवाळीच्या आसपासची कापूस वेचणी याही नोंदी त्याच बैठकीत कराव्यात. ही बैठक एकट्याने न करता घरातील मोठ्यांसह करावी. कानबाई यंदा आपल्याकडे बसणार की भाऊबंदांकडे, हे बहुधा आईलाच आधी ठाऊक असते.

तीन आठवड्यांची चाचणी

निवडलेली पद्धत तीन आठवडे, काहीही न बदलता चालवावी. मार्चमध्ये किंवा ऐन वेचणीत ती सुरू करू नये. जुलैचा मध्य किंवा जानेवारी त्या मानाने बरा. आठवड्यातून एकदा, शक्यतो गावच्या बाजाराच्या आदल्या दिवशी, अर्धा तास यादी तपासावी, म्हणजे आणायच्या वस्तूंची चिठ्ठीही त्याच वेळी तयार होते. पद्धत सांभाळण्यातच रोज पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ जात असेल, किंवा रात्री अंथरुणावर पडल्यावर राहिलेली कामे अजूनही आठवत असतील, तर तिच्यात दोष आहे. पहिल्या बाबतीत रकाने आणि रंग कमी करावेत. दुसऱ्या बाबतीत सर्व कामे वहीत उतरत नाहीत, असे समजावे.

सलग तीन साप्ताहिक तपासण्यांत पुढे ढकलले गेलेले काम चौथ्यांदा उतरवून काढू नये. पुढील बाजाराच्या दिवसापूर्वीचा नेमका दिवस आणि तास त्याला द्यावा, किंवा ते करू शकणाऱ्या माणसाला त्याच संध्याकाळी फोन करून सोपवावे. दोन्ही शक्य नसेल तर त्यावर रेघ मारावी आणि ज्याला आपण त्याचा शब्द दिला असेल, त्याला तसे स्पष्ट कळवावे.