बाहेरचं स्टेनलेस स्टील किती टिकेल? खालून बघा
रेलिंग वरून चकचकीत दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका. तो भाग पाऊस धुऊन काढतो. खरा अंदाज येतो तो पाइपच्या खालच्या बाजूने, वेल्डिंगच्या जोडांवरून आणि वॉशरच्या फटीतून. मीठ-धूळ तिथेच साचते.

१. तपकिरी डाग साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्याने पुसा.
२. त्या जागी सुईचं टोक हलकेच फिरवा. सरळ घसरलं तर डाग वरवरचा. अडकलं तर खड्डे पडू लागलेत, आयुष्य घटतंय.
३. तारखेसह फोटो ठेवा, वर्षाने तीच जागा ताडून बघा.

समुद्राजवळ ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलपेक्षा ३१६ ग्रेडचं बरं. (चुंबकाने या दोन्हींतला फरक कळत नाही, विकणारा काहीही म्हणो!)

लोखंडी तारेच्या घासणीने मात्र घासू नका. तिचे कण रुतून तिथेच गंज धरतो.