अर्धवेळ कामगाराचा बेकारी भत्ता अडू नये म्हणून मालकाने काय करावे

‘अर्धवेळ माणसाला ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागत नाही’ हा सल्ला बेळगावात उद्यमबागेपासून मच्छेपर्यंत सर्रास दिला जातो. तो साफ चुकीचा आहे. कामावर 10 माणसे झाली की कायदा लागू होतो. त्या दहांत सकाळी दोन तास झाडलोट करणारी बाई, संध्याकाळी हिशेब लिहायला येणारा मुलगा आणि ठेकेदाराची माणसेही मोजायची. महिना पगार 21,000 रुपयांपर्यंत असेल तर तास कितीही असोत, माणूस विम्यात आला. पुढे माणसे दहाच्या खाली गेली तरी मालक सुटत नाही. चंदगड-कागलकडून रोज हद्द ओलांडून येणाऱ्यालाही हाच नियम, कारण कायदा केंद्राचा आहे. किमान वेतन मात्र कर्नाटकाचे, कारण काम इथे होते.

भत्ता मालकाच्या खिशातून जात नाही. तो अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेतून ईएसआय महामंडळ देते. मालकाच्या हातात असतात नोंदी, आणि दावा अडतो तो तिथेच.

माणूस रुजू होईल त्याच दिवशी नोंदणी करा. त्याचा जुना विमा क्रमांक असेल तर तोच वापरा, नवा काढू नका. नाव आधारवर जसे आहे तसेच लिहा. इकडे एकच आडनाव कन्नड वळणाने एका कागदावर आणि मराठी वळणाने दुसऱ्यावर असते, तेव्हा बँक पासबुकही ताडून घ्या. विम्याची वर्गणी, म्हणजे पगारावर मालकाचे 3.25 टक्के आणि कामगाराचे 0.75 टक्के, पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत भरा. उशिराला वर्षाला 12 टक्के व्याज लागते.

आता खरी अडचण, म्हणजे ईएसआयकडे दर महिन्याला भरायच्या तक्त्यातला ‘दिवस’ हा रकाना.

माणूस चार तास येतो म्हणून त्याचे 26 दिवस 13 करून भरणारे हिशेबनीस पुष्कळ आहेत. हे करू नका. तिथे तास मोजत नाहीत. ज्या दिवसांचा पगार दिला किंवा देणे आहे ते सगळे दिवस मोजतात, पगारी सुटीसुद्धा. चार तासांचा दिवसही पूर्ण दिवस, आणि अपूर्णांक आला तर वरचा पूर्णांक.

यात कामगाराचे नुकसान कसे होते ते पाहा. भत्त्यासाठी बेकारीच्या लगेच आधीच्या सहामाहीत किमान 78 दिवस भरावे लागतात, आणि आधीच्या दोन वर्षांतल्या उरलेल्या तीन सहामाह्यांपैकी एकीतही 78. सहामाही म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. महिन्याला 13 लिहिले तर सहा महिन्यांचे बरोबर 78 होतात. गणपतीत माणसाने चार दिवस बिनपगारी रजा घेतली की त्या महिन्याचे 11 लागतात, बेरीज 76 वर येते आणि दावा गेला. प्रत्यक्षात त्याने 152 दिवस काम केलेले असते! आजारपणाच्या भत्त्यालाही 78 चीच अट आहे, म्हणजे तोही जातो.

दुसरे नुकसान लक्षात येत नाही. रोजची सरासरी 176 रुपयांपर्यंत असेल तर कामगाराचा हिस्सा कापायचा नसतो, मालकाचा तेवढा भरायचा. झाडलोटीचे महिना 4,500 रुपये भागिले 26 म्हणजे रोज 173. दिवस 13 लिहिले की हीच सरासरी 346 होते आणि गरीब बाईच्या पगारातून नाहक पैसे कापले जातात.

माणूस कमी करताना तितकीच काळजी घ्या. शून्य दिवस लिहून ‘ऑन लीव्ह’ किंवा ‘नो वर्क’ असे महिनोन्‌महिने भरत राहिलात, तर संगणकाच्या लेखी तो अजून तुमच्याकडे नोकरीत आहे आणि बेकार ठरत नाही. काम नाही म्हणून काढले असेल तर कारण ‘रिट्रेन्चमेंट’ (कामगारकपात) हेच टाका आणि कामाचा शेवटचा दिवस अचूक भरा. सवयीने ‘लेफ्ट सर्व्हिस’ (नोकरी सोडली) लिहू नका. गैरवर्तनाची शिक्षा, वयोमानाची निवृत्ती किंवा स्वेच्छानिवृत्ती यांवर भत्ता मिळत नाही, त्यामुळे ‘स्वतःहून सोडले’ असा अर्थ निघणारी नोंद त्याच्या विरोधात जाऊ शकते. राग मनात धरून चुकीचे कारण भरणे तर अक्षम्य आहे.

अर्धवेळ माणूस बऱ्याचदा दोन ठिकाणी राबतो. दोन्ही मालकांनी आपापल्या पगारावर, त्याच विमा क्रमांकावर भरायचे. तुम्ही काढले पण दुसरी विम्याची नोकरी चालू असेल तर तो बेकार धरला जात नाही, हे त्याला आधीच सांगा.

दावा कामगार स्वतः करतो, बेकारीला 30 दिवस झाल्यावर, आधार आणि बँक खात्याच्या तपशिलासह. योजनेची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, म्हणून ईएसआयच्या शाखा कार्यालयात आधी विचारून घ्यावे. रकमेचा हिशेब असा: चार सहामाह्यांची एकूण कमाई भागिले 730, त्याच्या निम्मे, जास्तीत जास्त 90 दिवस, तेही आयुष्यात एकदाच. दोन वर्षे दरमहा 9,000 घेणाऱ्याला रोज सुमारे 148, म्हणजे सगळे मिळून 13,300 च्या आसपास. तुम्ही पगार 6,000 दाखवला असेल तर ही रक्कम एक तृतीयांशाने घटते.

चुकीची नोंद आधीच गेली असेल तर हजेरीपट आणि पगारपत्रकाच्या सहीशिक्क्याच्या प्रती जोडून शाखा कार्यालयाला दुरुस्तीचे पत्र द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगून काही होत नाही.